चुकलेली ओळ

एकदा एका नगराचा चौक ओस पडला. कोणी कोणावर चाल करून आले नव्हते की रोगराई आली नव्हती. धान्याचा बाजार तेवढा हमरस्त्याकडे हलला, आणि त्याच्यामागून माणसांची पावलेही तिकडे वळली. चौकातली दुकाने उघडी असत, पिंपळाचा पार झाडलेला असे, पण थांबणारा कोणी नव्हता. लोक यायचे, हवे ते घ्यायचे आणि मागे न बघता निघून जायचे. शेवटी दुकानदारांचे म्होरके असलेले एक शेठजी बुवांकडे गेले. बुवा म्हणजे त्या नगरातले वृद्ध गायक. शेठजींनी विनवले की रोज संध्याकाळी चौकात काहीतरी करा, मंडप आम्ही घालतो.

हे ऐकून सर्वांत अधिक आनंद झाला तो बुवांच्या शिष्याला. बारा वर्षे तो बुवांमागे तंबोरा धरून बसला होता. आता बुवांचा आवाज कापू लागला होता. आपला तंबोरा पुढे कोणाला द्यायचा हे त्यांनी कधी सांगितले नव्हते, पण शिष्याच्या मनात शंका नव्हती. चौक आपल्या गळ्याने जागा होईल आणि त्या दिवशी तंबोरा कायमचा आपल्या मांडीवर येईल, असे त्याने धरून ठेवले होते.

बुवांनी मंडप नाकारला. पाराच्या खालच्या पायरीवर जाजम अंथरायला सांगितले आणि तिथे बसून त्यांनी विणकरांचे एक जुने गाणे धरले.

*ताणा धावे धोट्यातून, बाणा उभा जागी गं...*

समोर गिरजाक्का फुटाणे भाजत होती. तिच्या घरचा हातमाग बंद पडून बरीच वर्षे झाली होती. ती हातातला झारा थांबवून म्हणाली, "बुवा, चुकलं की हो. मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बाणा असतोय, आडवा धागा. ताणा कुठं पळतोय? त्यो मागावर उभा बांधलेला, जागचा हलत न्हाई."

शिष्याच्या अंगावर काटा आला. बुवांना चुकलं म्हणणारे आजवर कोणी जन्मले नव्हते. बुवांनी मात्र हात जोडले आणि विचारले, मग कसे आहे ते? गिरजाक्काने आधी पदराला हात पुसले आणि मग बसल्या जागेवरून म्हटले:

*बाणा धावे धोट्यातून, ताणा उभा जागी गं,*
*दोघे मिळून लुगडे झाले लेकीबाळींच्या भागी गं.*

आवाज जाडाभरडा होता, पण चौकातली चार माणसे वळून बघू लागली.

दुसऱ्या दिवशी बुवांची दुसरी ओळ चुकली. तिसऱ्या दिवशी ते मध्येच थांबले आणि पुढचे आठवेना म्हणाले. रोज कोणीतरी दुरुस्त करायला पुढे होई आणि जाजमावरच बसे. कासाराने बांगड्यांच्या खोक्यावर ठेका धरला. शिंप्याने आपल्या आजोबांचा पोवाडा काढला. बायकांनी पाराभोवती रांगोळ्या घातल्या आणि कोणाची सरस यावरून भांडल्याही. महिन्याभरात चौकात पाय ठेवायला जागा उरली नाही.

शिष्य रोज तंबोरा जुळवी आणि रोज त्याच्या पोटात दुखे. ही माणसे काल-परवा आली. ना सराव, ना साधना, आणि बुवा त्यांच्यापुढे मान डोलावतात. त्यातही गिरजाक्काचे नाव घेतले की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. आयत्या बिळावर नागोबा, असे तो मनाशी म्हणे. शेंबडे पोरही तिला नावाने हाक मारत होते, आणि याला मात्र लोक "तो तंबोरेवाला" म्हणून ओळखत. बुवांची स्मृती गेली असावी, असेही त्याला वाटू लागले आणि त्या विचाराने त्याला थोडे बरे वाटले, हे सांगितलेच पाहिजे.

एका संध्याकाळी बुवांनी त्याच्या हातातून तंबोरा घेतला आणि गिरजाक्काच्या मांडीवर ठेवला. तिने तो कडेवरच्या बाळासारखा धरला. सारा चौक हसला. शिष्यही हसला, पण आतून जळून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या भट्टीपाशी गेला. आवाज अगदी मऊ ठेवून म्हणाला, "अक्का, रागावू नका. तुमचा सूर लागत नाही. बुवा मोठ्या मनाचे, म्हणून बोलत नाहीत. लोक मागे हसतात."

गिरजाक्काने कढईतली वाळू हलवली, फुटाणे चाळून काढले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत भट्टी विझवून घरी गेली.

त्या दिवशी बुवांना बरे वाटत नव्हते. त्यांनी शिष्याला गायला सांगितले. तो बिनचूक गायला. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. लोकांनी शांतपणे ऐकले, वाहवा केली, हात जोडले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी निम्मे आले. आठवड्याने समोर शेठजी होते आणि एक गाय होती. जाजम आता सगळे त्याचे होते.

मग तो बुवांच्या अंथरुणापाशी जाऊन बसला आणि गिरजाक्काला काय बोललो ते त्याने एका दमात सांगून टाकले. बारा वर्षे मी घासली आणि तंबोरा तिला दिलात, हेही बोलून गेला.

बुवा म्हणाले, "माझी ती पहिली चूक खरीच होती रे. चाळीस वर्षे मी ताणा धावतो असे गात आलो. ऐकणाऱ्यांत विणकर नसतील का? पण गुरूला चुकलं कोण म्हणणार? त्या दिवशी ती म्हणाली, आणि चौक कसा भरेल ते मला दिसले. पुढच्या चुका मी मुद्दाम केल्या. आपले गाणे कोणी चुकवले तर माणूस घरात बसू शकत नाही, उठून येतोच. तू गातोस उत्तम. पण तुझ्या गाण्यात दुसऱ्याला शिरायला दारच नाही. लोक बाहेरूनच नमस्कार करून जातात."

"आणि तंबोरा?"

"तो मी तिला धरायला दिला होता. बारा वर्षे तू त्याच्यामागे बसलास, कोणीही गायला लागले तरी तो सूर देतो, एवढेही तुला दिसले नाही? मी बोलावले तर ती येईल, पण माझ्या मानासाठी येईल. तू जा."

शिष्य गेला. गिरजाक्काच्या ओटीवर जुना माग चादरीखाली झाकलेला होता. त्याने सांगितले की सूर तिचा चुकत नव्हता, आपले मन जळत होते. तिने मान वर केली नाही. मग त्याला बुवांची युक्ती आठवली आणि त्याने गाणे धरले, *ताणा धावे धोट्यातून...*

"ठाऊक असून चुकू नगंस," ती म्हणाली. "बुवांना ते शोभतंय. तुला न्हाई."

तो ओशाळला. उठायला निघाला, पण त्याची नजर त्या चादरीवर अडली. "अक्का, खरेच ठाऊक नाही ते विचारतो. धोटा चालतो तेव्हा आवाज कसा होतो?"

तिने त्याच्याकडे निरखून पाहिले. मग जवळचे ताट उपडे घालून त्यावर हाताने वाजवून दाखवले. त्याने तसाच ठेका धरला.

"चुकलं," ती म्हणाली. "दुसऱ्या ठोक्याला घाई करतोस. तिथं धागा तुटंल."

बारा वर्षे लय शिकलेल्या माणसाने तो ठेका पुन्हा धरला, पुन्हा चुकला आणि तिसऱ्यांदा कुठे जमला. तेव्हा ती हसली.

त्या संध्याकाळी तंबोरा शिष्याच्याच हातात होता आणि तो गिरजाक्काच्या मागे बसला होता. ती गात होती. मध्येच मागून कासार ओरडला, "तंबोरेवाले, तार उतरली!" खरोखरच उतरली होती. शिष्याने खुंटी पिळली, आणि गाण्यातला एक शब्दही न सोडता गिरजाक्काने हातानेच त्याला जरा पुढे, आपल्या शेजारी सरकायला सांगितले.