वैद्यांची पहाटेची परीक्षा

नदीकाठच्या एका गावात तवनाप्पा नावाचा गुळव्या राहत होता. काहिलीत उसाचा रस उकळत असताना पाक नेमका कधी उतरवायचा, हे गुळव्यानं सांगायचं. सगळ्या गुऱ्हाळाची भिस्त त्याच्यावर.

पुढे पुढे काहिलीखालच्या चुलवाणाच्या धगीत तवनाप्पाची नजर अंधुक होऊ लागली, पाय लटपटू लागले. सावलीत बसला की पुन्हा ठणठणीत. लोकांना एवढं पुरलं. तवनाप्पा दिवसाढवळ्या पितो, अशी बोंब झाली. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस तो! मालक सातगोंडांनी बजावलं, वैद्यांनी आजार आहे म्हटलं तरच कामावर ठेवीन.

गावचे अंतोबा वैद्य नामांकित होते, आणि हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. ते रोग्याला पहाटे नदीत आंघोळ घालून तपासत. त्यांनी तवनाप्पाची नाडी पाहिली, डोळे पाहिले, रेघेवरून चालवलं. तो सरळ चालला. याला काही झालेलं नाही, असं वैद्यांनी सांगून टाकलं.

तवनाप्पा रडकुंडीला आला. “वैद्यबुवा, पहाटं मी बराच असतोय. चुलवाणापाशी येऊन बघा की.”

“माझी परीक्षा आजवर चुकलेली नाही.”

“चुकली तर तुमास्नी कळणार कसं? तुम्ही ढोंगी म्हटलेला माणूस पुन्हा तुमच्या दारात येतोय व्हय?”

वैद्यांना राग आला, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी ते भर दुपारी गुऱ्हाळावर गेले. काहील उकळू लागली तसा तवनाप्पाचा पाय फरफटू लागला. समोर धरलेलं बोटही त्याला दिसेना. सावलीत नेऊन डोक्यावर पाणी ओतलं, तेव्हा हळूहळू सावरला. मग वैद्यांनी मागचं सगळं विचारलं. मागं एक डोळा महिनाभर अधू होऊन आपोआप सुधारला होता, हे तेव्हा कळलं.

हा मज्जातंतूंचा आजार आहे, दारू नव्हे, असं वैद्यांनी मालकांना सांगितलं. औषध आपल्याकडे नाही, हेही लपवलं नाही. तेव्हापासून पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून तवनाप्पाकडे सावलीत आणला जाऊ लागला, आणि पाक कधी उतरवायचा ते तो तिथूनच सांगू लागला.

वैद्यांनी गावोगाव निरोप धाडले: मी निरोगी म्हणून परत पाठवलेल्यांनी पुन्हा यावं. अब्रू जाईल, असं घरच्यांनी बजावलं. त्यांनी ऐकलं नाही. पहिली आली ती कामचुकार म्हणून सासरनं टाकलेली एक सून, बापाच्या पाठुंगळीवर.

सगळ्यांसमक्ष वैद्य तिला म्हणाले, “बाळ, खोट तुझ्यात नव्हती. माझ्या परीक्षेत होती.”

तात्पर्य: परीक्षेत रोग सापडला नाही, तर रोग्याला खोटं ठरवण्याआधी आपली परीक्षा तपासावी.