डोळ्यांची बोली

एका गावात एक भोळा पेंटर होता. नाव लिंबाजी. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तीन स्थळांनी त्याला नाकारलं होतं. हे चौथं. हेही गेलं तर जन्मभर आपल्याच हातानं भाकऱ्या थापायच्या, या काळजीनं बिचारा वाळला होता.

त्यानं मुलीच्या वडिलांना, सोपानरावांना, पत्र लिहिलं. ‘मला सौंसार करायचा आहे.’ आधी ते शाळेतल्या गुरुजींना दाखवलं.

“लिंबाजी, संसार असं नाही लिहीत रे.”

“तुम्हीपण सौंसारच म्हणता की, गुरुजी!”

गुरुजींना हसू आलं. “अशा लिहिण्याला इंग्रजीत ‘आय डायलेक्ट’ म्हणतात. आय म्हणजे डोळा, डायलेक्ट म्हणजे बोली. कानाला फरक कळत नाही, डोळ्यालाच कळतो. म्हणून नाव पडलं डोळ्यांची बोली. शिकलेल्यांना ती लगेच कळते हो!”

“बरं गुरुजी.”

सोपानराव शिकलेले, म्हणजे त्यांना डोळ्यांची बोली कळणारच. लिंबाजी मुलगी बघायला गेला आणि तोंड मिटून बसला.

“नाव काय तुमचं?”

लिंबाजीनं डोळे मिचकावले.

“गाव?”

पुन्हा मिचकावले. या उघडझापीत चहापोहे घेऊन आलेली गोदावरी त्याला धड दिसलीसुद्धा नाही. तिनं विचारलं, “चहात साखर घालू?” लिंबाजीनं एकच डोळा मिटला. एकच चमचा हवा होता.

“माझ्या पोरीला डोळा मारतो!” सोपानरावांनी त्याला हाकललं.

गुरुजी म्हणाले, “अरे, मोठ्यांपुढे डोळे खाली ठेवावेत.”

“बरं गुरुजी.”

लिंबाजी माफी मागायला गेला, तो मान खाली घालूनच. अंगणात चार पाय दिसले. नवराबायको जोडीनं उभे आहेत म्हणून त्यानं पाय धरले, पोटभर माफी मागितली आणि वर बघितलं. म्हैस होती.

गुरुजींनी कपाळावर हात मारला. “आधी तोंड बघावं, ओळख पटवावी, मगच पुढचं!”

“बरं गुरुजी.”

इकडे गोदावरी हसून हसून लोळली होती. “अण्णा, लग्न करीन तर ह्याच्याशीच!” सोपानरावांचा नाइलाज झाला.

त्याच अंगणात मांडव उभा राहिला. मंगलाष्टका झाल्या, अंतरपाट दूर झाला. लिंबाजीनं हार उचलला आणि आधी तोंड बघितलं. ओळख पटेना. त्यानं चहूकडे पाहिलं. त्या घरात त्यानं नीट पाहिलेलं तोंड एकच होतं. तो तडक गोठ्यात गेला आणि म्हशीच्या गळ्यात हार घातला.

गोदावरी शालू सावरत गोठ्यात आली. लिंबाजीकडे बघून तिनं एक डोळा मिटला.

“हां! हीच ती!” लिंबाजी ओरडला. “गुरुजी, ओळख पटली!”

तोवर म्हशीनं हार खाल्ला होता.