निंबसरचा बारावा खांब

निंबसरला एस.टी. स्टँडवरून पेठेकडे वळलं की समोरच बाजारमंडप दिसतो. बाहेरगावचा माणूस तो बघून आधी हसतो, कारण एवढा विजोड मंडप दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. एक खांब सागाचा, त्यावर कोरलेले पोपट. शेजारचा भाजलेल्या मातीच्या कड्यांचा, एकावर एक रचलेला. पुढचा तांब्याच्या पत्र्याने मढवलेला, काळपट हिरवा पडलेला. एक तर चक्क वेळूच्या जुडग्याचा आहे आणि दर पंधरा वर्षांनी बुरुडआळीतली माणसं तो नव्याने बांधतात. चार खांब दगडाचे आहेत, पण तेही एकमेकांशी न जुळणारे. खांब मोजले तर अकरा भरतात. पुढच्या ओळीत मधोमध बाराव्या खांबाची फक्त बैठक आहे. चौकोनी, गुळगुळीत, रिकामी. तिच्या वर दोन तुळया टोकाला टोक लावून भेटतात आणि खाली आधार काहीच नाही.

समोर हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करण्याचं दुकान आहे. त्याचे मालक बळवंतआप्पा. कुणी मान वर करून त्या तुळयांकडे बघत उभं राहिलं की आप्पा हातातली सुरांची पट्टी बाजूला ठेवतात आणि बाकडं पुढे सरकवतात. मग ते जे सांगतात ते असं.

फार मागची गोष्ट. तेव्हा निंबसर हे शहर नव्हतं, नदीकाठचं मोठंसं गाव होतं. आदल्या पावसाळ्यात काटी नदीने पात्र सोडलं आणि अर्धी वस्ती धुऊन नेली. शेतकरी वरच्या अंगाला सरकले, त्यांचं भागलं. पण कुंभार, सुतार, तांबट, रंगारी, बुरूड यांना गावात काही उरलं नव्हतं. ज्याची त्याची बिऱ्हाडं हलायच्या बेतात होती. अशात परगण्याच्या अंमलदाराचा निरोप आला की घाटाखालचा आठवडे बाजार यंदापासून एकाच गावी भरेल. ज्या गावात चैत्र पाडव्यापर्यंत व्यापाऱ्यांना बसायला सावलीचा पक्का मंडप असेल, त्या गावी. शेजारच्या मोठ्या गावाने पाया खणायला घेतलासुद्धा. बाजार तिकडे गेला असता तर निंबसरची कारागीर आळी त्याच्या मागोमाग गेली असती, आणि मग गाव कशाला म्हणायचं, असं पाटलांना वाटलं.

पाटलांनी धोंडोजी पाथरवटाला बोलावलं. धोंडोजी पन्नाशीचा, हाताने अव्वल आणि स्वभावाने करकरीत. आपल्यासारखा दगड पंचक्रोशीत कुणी घडवत नाही हे त्याला ठाऊक होतं आणि इतरांनाही ठाऊक असावं याची तो काळजी घेई. त्याने हिशेब करून सांगितलं की खांब लागतील बारा, पाडव्यापर्यंत आपल्या हातून होतील पाच. पाटील म्हणाले, मग उरलेले सात ज्याला जे येतं त्याने त्याचे करावेत.

धोंडोजीला हे मुळीच पटलं नाही. मातीचा खांब आणि वेळूचा खांब एका छपराखाली म्हणजे मंडप नव्हे, गोधडी होईल, असं तो म्हणाला. पण दुसरा उपाय नव्हता. नाक मुरडत त्याने पाया आखून दिला आणि पुढच्या ओळीतली मधली जागा स्वतःसाठी ठेवली. तिथे तो आपला सगळ्यात देखणा खांब उभा करणार होता, मोरांचा. अंमलदार आत येताना पहिली नजर तिथेच पडणार होती.

काम सुरू झालं. चुन्याच्या घाणीवर ठकूबाई होती. एकटी बाई, चाळिशीची, बैलामागे फिरून चुना मळायची. पण गावात तिची ओळख वेगळी होती. निंबसरात बारसं असो, हळद असो, नाहीतर लेकीची पाठवणी, ओवी ठकूबाईची असायची. ती जोडत असे आणि घरोघरच्या बायका गात. घाणीवरही ती गात असे, आणि तिच्या गाण्यात सगळं गाव सापडायचं. एकदा सुतार आणि कुंभार खांबाच्या उंचीवरून इतके भांडले की दोघांनी अवजारं टाकली. ठकूबाईने बैल न थांबवता दोघांवर एकेक ओवी रचली. सुताराचं नाक त्याच्या रंध्यासारखं पुढे धावतं आणि कुंभाराचं डोकं भट्टीआधीच तापतं, असं काहीतरी त्यात होतं म्हणे. आळी हसली, ते दोघेही हसले आणि काम पुढे चालू झालं.

बाराही खांबांची कामं मार्गी लागली तेव्हा ती धोंडोजीकडे आली. म्हणाली, "दादा, सगळ्यांचं काहीतरी लागलं मंडपाला. माझंबी काही लागू द्या."

धोंडोजी मोराचा तुरा कोरत होता. त्याने मानही वर केली नाही. "तुझा चुना लागतोय की."

"चुना बैलाचा. माझं गाणं आहे."

"गाण्याचा खांब कसा उभा करायचा ते सांग, मी बैठक खोदून देतो," तो म्हणाला. भोवतीची माणसं हसली. ठकूबाईही थोडी हसली आणि घाणीकडे परत गेली. त्या दिवशी मात्र घाणीवरून गाणं ऐकू आलं नाही, असं सांगतात.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तुळया चढल्या. पाडव्याला सकाळी घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या आणि मंडपावर कौलं घालायला सुरुवात झाली. अंमलदार तिसऱ्या प्रहरी येणार होता. शेवटची रांग चढत असताना धोंडोजी मोराच्या खांबाजवळ उभा होता. त्याला आवाज ऐकू आला. फार मोठा नव्हता, सुपारी फुटावी तसा. पण चाळीस वर्षं दगडाजवळ काढलेल्या माणसाला तो कळायला वेळ लागला नाही. दगडाच्या पोटात शीर होती, त्याच्या नजरेतून सुटलेली. खांबाला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

तो ओरडला तशी माणसं धावली. हाताला येतील ते वासे, बल्ल्या तुळयांखाली टेकू म्हणून लावले आणि प्रत्येक टेकूला तिघे-चौघे खांदा देऊन उभे राहिले. फुटका खांब खाली ओढून काढावा लागला, नाहीतर त्याने शेजारचे दोन पाडले असते. मोर मातीत पडले. धोंडोजी जवळच्या एका टेकूला खांदा लावून उभा राहिला. त्याला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

रावजी सुतार वर चढून दोन्ही तुळयांची टोकं बघून आला. तो म्हणाला, टोकांना खाचा पाडून, एकमेकीत बसवून सागाच्या खुंट्या ठोकल्या तर आजचा दिवस निभेल. पण तुळई हलता कामा नये. एवढीशी थरथरली तरी पटाशी घसरेल आणि खाच वाया जाईल.

इथेच अडलं. तीस माणसं खांदा देऊन उभी होती, पण तिसांचा श्वास वेगवेगळा. कुणी दम टाकी, कुणी पाय बदली, की तुळई थरथरे. रावजीने दोनदा पटाशी लावली आणि दोनदा उचलली. पाटील घामाघूम झाले होते.

तेवढ्यात ठकूबाई घाणीवरून आली. तिने चुन्याचं रिकामं घमेलं बाराव्या बैठकीवर उपडं घातलं, त्यावर उभी राहिली आणि दोन्ही तळवे तुळयांच्या जोडाला खालून लावले. धोंडोजी हातभर अंतरावर होता. एवढ्याशा बाईच्या हातांनी काय होणार, असं त्याच्या मनात आलं, पण बोलायचं तोंड त्याला राहिलं नव्हतं.

तिने गायला सुरुवात केली. जात्यावरची संथ चाल, ओढून धरलेली. पहिली ओवी कुंभाराची होती. त्याच्या आजाने पहिले रांजण भाजले तिथपासून ती आली. मग तांबटाची, मग बुरुडाच्या सुनेची, जी अंधूक दिसत असूनही सूप विणते. ज्याचं नाव येई तो जरा ताठ उभा राही. तिची चाल चढे तेव्हा माणसं श्वास घेत, उतरे तेव्हा सोडत. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिसांचा श्वास एक झाला. तुळई निश्चल झाली. वरून पटाशीचा टकटक आवाज येऊ लागला, तोही तिच्या तालात.

एक प्रहर झाला. ठाऊक होत्या तेवढ्या ओव्या संपल्या, तशी ती नव्या जोडू लागली. डोक्यावर कौलं घेऊन उभ्या असलेल्या पोरींची जोडली, बैलाचीही जोडली. तिचे हात भरून आले होते आणि गळा बसत चालला होता. धोंडोजीला सगळं ऐकू येत होतं. सगळ्या गावाची नावं येऊन गेली, आपलं अजून आलं नाही, हे तो मोजत होता. येईल तेव्हा काय येईल याचीही त्याला धास्ती होती. फुटलेल्या खांबावर ओवी रचायला तिला कितीसा वेळ लागणार होता? आणि रचली असती तर तो तिचा हक्क होता.

मग बसक्या गळ्याने ती गायली:

"धोंडोजी दादा माझा, दगडाशी गोड बोले
त्याच्या छिन्नीच्या नादानं, मोर पाषाणाचा डोले"

मोर तर त्याच्या पायाशी मातीत पडले होते. धोंडोजीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्याने ते वाहू दिलं.

रावजीने शेवटची खुंटी ठोकली आणि टेकू एकेक करून काढायला सांगितलं. एक निघाला, दुसरा निघाला. शेवटी धोंडोजीने आपला खांदा काढला. आता तुळयांखाली फक्त ठकूबाईचे तळवे होते. सगळे मागे सरकले. तिने ओवी पूर्ण केली, मधेच सोडली नाही. मग हात खाली घेतले.

छपरावरचं एक कौलही हललं नाही.

अंमलदार आला तेव्हा माणसं अजून जमिनीवर बसूनच होती. त्याने विचारलं, हा मंडप कुणी बांधला. पाटलांनी धोंडोजीकडे बोट केलं. या प्रश्नाचं उत्तर धोंडोजीने दोन महिने मनात घोकलं होतं, पण आता ते त्याच्या ओठावर आलं नाही. तो अंमलदाराला एकेका खांबापाशी घेऊन गेला. हा रावजी सुताराचा, हा कुंभारांचा, हा बुरूड आळीचा, असं प्रत्येकाला पुढे बोलावून नाव घेत गेला. मधल्या बैठकीपाशी येऊन थांबला.

"आणि हा ठकूबाईचा," तो म्हणाला.

"कुठे आहे?"

"इथंच आहे साहेब. जरा बाजूने या."

अंमलदाराने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, घमेल्यावर बसून पाणी पिणाऱ्या त्या बाईकडे पाहिलं, वर तुळयांकडे पाहिलं. त्याला काय समजलं कोण जाणे. पण तो त्या रिकाम्या जागेतून न जाता तिला वळसा घालून आत गेला. बाजार निंबसरला मिळाला.

रावजी स्वतःच सांगत होता की हा जोड पावसाळ्यापर्यंतचा. धोंडोजीने नवा दगड आणला, या वेळी बोटांनी इंच इंच तपासून, आणि आषाढाआधी खांब घडवून तयार केला. उभा करायला माणसं जमली. तो ओळंबा घेऊन बैठकीपाशी गेला, जोडाकडे बघत बराच वेळ थांबला आणि ओळंबा गुंडाळून परत आला. ही जागा भरलेली आहे, म्हणाला. नवा खांब त्याने मंडपासमोर आडवा टाकायला लावला, बसायला. आप्पांच्या दुकानापुढे पोरं ज्याच्यावर बसून भजी खातात तो तोच.

तिथे उभं राहून त्याने नेम केला. आपल्या किंवा आपल्या वंशातल्या कुणाच्या हातून या बैठकीवर खांब चढणार नाही. दर वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, गावासाठी ज्याने काही नवं घडवलं असेल त्याने इथे उभं राहून हात वर धरायचे आणि गावाने त्याची ओवी म्हणायची. पहिल्या वर्षी त्याने ठकूबाईलाच उभं केलं. तिचा आवाज त्या दिवसानंतर पुरता परत आला नाही, जाडाभरडाच राहिला. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. ती पोरींना ओव्या जोडायला शिकवू लागली आणि धोंडोजी दगड फोडता फोडता ऐकत बसे. तो गात नसे, पण चुकलेली मात्रा त्याला सगळ्यांत आधी कळे, असं सांगतात.

इंजिनिअरिंगची मुलं टेप घेऊन येतात, सागाच्या चिवटपणाबद्दल आणि खाचेच्या कोनाबद्दल बोलतात. आप्पा त्यांना चहा पाजतात, वाद घालत नाहीत.

आजही पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं निंबसर मंडपापुढे जमतं. मागे एकदा दुकानांच्या पाट्या रंगवणारे गोविंद पेंटर उभे राहिले होते, एकदा नाट्यवाचनाचा वर्ग चालवणारी पोस्टातली कारकून मुलगी. यंदा रशीदाबी होत्या. गेली तीस वर्षं शहरातल्या सगळ्या शाळांच्या स्नेहसंमेलनांचे कपडे त्या शिवतात. राजापासून झाडापर्यंत सगळे त्यांच्या मशिनीतून निघालेले. त्या ठेंगण्या आहेत. हात पूर्ण वर केले तरी तुळई वीतभर उंच राहिली. लोकांनी त्यांची ओवी म्हटली, तीन वेळा म्हटली, आणि तोवर त्या तशाच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचं दुकान बंद. आप्पा चौकशीला गेले तर त्या खांद्यांना तेल लावून बसलेल्या. आप्पा म्हणाले, "अहो, तुमचे हात तर टेकलेसुद्धा नव्हते."

"नव्हते टेकले," रशीदाबी म्हणाल्या. "पण वजन आहे हो, आप्पा."