विचारल्याशिवाय न सांगणारे घड्याळ

एकदा एका वृद्ध घड्याळजींच्या दुकानात एक व्यापारी आपल्या लहानग्या नातीला घेऊन आले आणि मखमली डबीतून त्यांनी एक मनगटी घड्याळ बाहेर काढले. डिजिटल घड्याळे नुकतीच निघाली होती, त्या काळातले ते होते. काच काळीभोर. बाजूचे बटण दाबले की आत क्षणभर लाल आकडे उजळायचे, एरवी अंधार. अशी घड्याळे आता फार थोडी उरली आहेत.

"वडिलांचं आहे," व्यापारी म्हणाले. "ते गेल्यापासून डबीत जपलंय. कुणाला हात लावू दिला नाही. परवा सहज बटण दाबलं, तर काहीच नाही."

घड्याळजींची एक शिष्या होती. हुशार, हलक्या हाताची, आणि प्रत्येक गोष्टीची गरजेपेक्षा जरा जास्त काळजी करणारी. (अशा माणसांबद्दल मला विशेष ममत्व वाटते. कारण सांगायला नको.)

तिने मागचे झाकण उघडले. जुना सेल आतल्या आत पाझरला होता. तो हिरवट थर तिने अलगद पुसून काढला, नवा सेल बसवला आणि बटण दाबले. अंधारच.

"आतला भाग गेलाय," ती म्हणाली. "तसाच नवा बसवता येईल. बाहेरून कुणाला ओळखू यायचं नाही."

"मला येईल ना," व्यापारी म्हणाले. "आतलं सगळं बदललं तर वडिलांचं काय राहिलं? त्यापेक्षा बंद राहू दे. ठेवतो परत डबीत."

शिष्येला हेही पटले. तिला दोन्ही पटत होते, हीच तिची अडचण होती. तिने गुरुजींकडे पाहिले.

गुरुजींनी घड्याळ उचलले आणि सरळ नातीच्या हातात दिले. "दाब गं बाळ. हवं तितकं दाब."

व्यापारी खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, पाडेल ती. बिस्किटाचे हात आहेत तिचे."

"धुता येतात हात," गुरुजी म्हणाले.

पोरगी शेजाऱ्यांची बेल वाजवावी तशी बटण दाबू लागली. "आजोबा, हे झोपलंय," तिने मध्येच सांगितले आणि पुन्हा दाबू लागली. व्यापाऱ्यांनी आपली ओंजळ तिच्या हाताखाली धरली होती. काचेआड काहीतरी तांबूस चमकले आणि विझले. पुन्हा चमकले. मग लाल आकडे लख्ख उजळले.

"एक वाजला," नात म्हणाली. बाहेर संध्याकाळचे दिवे लागत होते. "खोटं बोलतंय हे."

व्यापारी हळूच खाली बसले.

गुरुजी म्हणाले, "बटणाखाली धातूच्या बारीक पट्ट्या असतात. दाबलं की घासतात, आणि त्या घासण्यानंच स्वच्छ राहतात. कुणी दाबलंच नाही, म्हणून त्यांच्यावर काळपट थर चढला. शेठ, तुमचे वडील तुम्हाला दाबू देत होते का हो?"

"दिवसभर. स्वतःच मनगट पुढे करायचे. आई ओरडायची, सेल संपवतोय कार्टा म्हणून."

"सेल संपायचाच. हे घड्याळ विचारल्याशिवाय वेळ सांगत नाही. विचारत राहिलं तर झिजतं, हे खरं. पण आपण जपायचं म्हणून विचारणंच बंद केलं, आणि मग म्हणालो, बिघडलं."

शिष्येला राहवले नाही. "पण गुरुजी, एक दिवस ते खरंच बंद पडेल ना?"

"पडेल की. तेव्हा तुझा नवा भाग बसवू आणि जुना डबीत ठेवू. आज या पोरीला वेळ लावायला शिकव."

निघताना घड्याळ व्यापाऱ्यांच्या मनगटावर होते आणि नात दर पावलाला त्यांचा हात खाली ओढून बटण दाबत होती. तेही दर वेळी वाकत होते. डबी गल्ल्याजवळच राहिली. शिष्येने हाक मारायला तोंड उघडले, मग तशीच थांबली आणि डबी उचलून फळीवर ठेवून दिली.

आज मी लेकीला पहिल्यांदा काचेच्या पेल्यात दूध दिले. दोन्ही हातांनी धर, असे चारचारदा बजावून.