फलकावरच्या दोघी

सरकारी इस्पितळातल्या त्या वॉर्डात रोगी साठ आणि नर्स एक, रेश्मा पावरा. बाकीच्या दोन जागा चार वर्षं रिकाम्याच. एका दुपारी ती एकाला रक्त चढवत होती, तेवढ्यात पलीकडे एका म्हाताऱ्याचा ऑक्सिजन संपला आणि तो तडफडून गेला.

अधीक्षक डॉ. सरंजाम्यांना कुणाचा तरी बळी हवाच होता. त्यांनी मेट्रन तुस्कानोबाईंपुढे रेश्माच्या निलंबनाचा कागद सरकवला. "करा सही. असला हलगर्जीपणा मी खपवून घेणार नाही."

बाईंच्या डोळ्यांपुढून म्हाताऱ्याचे निळे ओठ जात नव्हते. "करते की," त्या म्हणाल्या, "पण आणखी दोन कागद द्या. तपासणीवाले आले तेव्हा तुम्हीच दारावर फलक लावलात, नर्स तीन म्हणून. रेश्मा निदान हजर तरी होती. त्या दोघी तर दिवसभर फिरकल्या नाहीत. आधी त्यांना घरी बसवा."

"कोण त्या? नावं सांगा!" साहेब गरजले.

"मी कशी सांगू? त्यांना फक्त तुम्हीच पाहिलंय."

साहेबांनी कागद फाडला. बाई वॉर्डात परतल्या. म्हाताऱ्याच्या खाटेवर नवा रोगी आला होता, आणि रेश्मा अजून एकटीच होती.