चीर नसलेलं हेल्मेट

"चीर कुठाय, वस्ताद? एक तरी चीर दाखवा मला."

शरयू बिरनाळेनं हेल्मेट उलटं करून मुजावर वस्तादांसमोर धरलं. अनुस्कुरा घाटाच्या माथ्यावर, जीपला टेकून दोघं उभी होती. दरीतलं धुकं वर चढत होतं. पहिल्या वळणापुढचा रस्ता दिसत नव्हता.

वस्तादांनी हेल्मेट हातात घेतलं नाही.

"तू पडलीस तेव्हा हेच होतं ना?"

"हेच."

"डोकं आपटलं?"

"आपटलं. पण मला काही झालं नाही."

"मग त्याला झालं."

शरयूनं हेल्मेट खाली ठेवलं नाही.

मुजावर वस्तादांच्या हाताखाली कोल्हापुरातली कितीतरी पोरं सायकल शिकली. बहुतेक बाबतींत म्हातारा सैल होता. एका बाबतीत मात्र ऐकायचा नाही. हेल्मेट एकदा आपटलं की बाद. आतला थर्माकोल एकदाच दबतो आणि पुन्हा वर येत नाही, एवढंच ते सांगायचे. पोरं कुरकुर करत नवं आणायची.

शरयूनं आणलं नव्हतं. पडण्याआधी उतारावर तिचा हात कुणी धरू शकत नसे. तिच्या सायकलला ब्रेक नुसते शोभेला आहेत असं बरोबरची पोरं म्हणायची, आणि ती हे स्वतःच चारचौघांत सांगायची.

मग दिवाळीनंतर ह्याच घाटात ती पडली.

वळणावर बारीक खडी होती. पुढचं चाक सटकलं आणि कठडा अंगावर आला. फळी मोडल्यासारखा आवाज झाला... बाहेर नव्हे, दोन्ही कानांच्या मध्ये. डोळे उघडले तेव्हा समोर एक चाक फिरत होतं. ते बराच वेळ फिरत राहिलं. ते कुणाचं चाक, हे काही तिला कळेना.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सायकलला हरकत नाही म्हणाले. शरयू सपाटीवर पुन्हा चालवूही लागली. उतारावर आज पहिल्यांदाच आली होती. आठवड्यावर राज्याच्या संघाची निवड चाचणी होती, आणि ती ह्याच उतारावर होणार होती.

जीपच्या सीटवर एक खोका होता. त्यात नवं हेल्मेट. वस्तादांनीच आणलेलं.

"मी हेच घालून उतरणार," शरयू म्हणाली. "ह्यानंच वाचवलं मला."

वस्ताद दरीकडे बघत राहिले...

"चांगलं आहे म्हणतेस?"

"एकदम चांगलं."

"खात्री आहे?"

"आहे. भिंग घेऊन बघितलंय."

"आण इकडं."

तिनं दिलं. वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली, हेल्मेट घातलं आणि पांढऱ्या दाढीखाली पट्टा अडकवला. मग जीपला टेकवलेली तिची सायकल घेतली आणि न वाकणारा उजवा पाय कसाबसा पलीकडे टाकला.

शरयूला हसू आलं.

"काय करताय, वस्ताद?"

त्यांनी डाव्या पायानं रस्त्याला रेटा दिला.

चाकं फिरली.

शरयूचं हसू जागीच विरलं. वस्तादांना सायकलवर बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. डाव्या डोळ्यानं त्यांना धूसर दिसायचं, जीपसुद्धा आज तिनंच चालवत आणली होती. आणि ब्रेकवर त्यांचा हात नव्हता.

"वस्ताद!"

सायकल उताराला लागली.

ती धावली. कानांमध्ये तोच फळी मोडल्याचा आवाज. तिनं झेप घेऊन दोन्ही हातांनी सीट पकडली. बूट खडीवर घसरत गेले. सायकलनं तिला फरपटत नेलं आणि धुक्याच्या तोंडाशी येऊन कशीबशी थांबली.

समोरच्या धुक्यातून दोन पिवळे दिवे उगवले. एक ट्रक रखडत वर आला, त्यांच्या अंगावरून वारं टाकून गेला.

दोघंही हलली नाहीत.

"का धरलंस?" वस्तादांनी मान न वळवता विचारलं.

"पडला असतात!"

"पडलो असतो. हेल्मेट आहे की डोक्यावर."

"ते आपटलेलं आहे, वस्ताद!"

शब्द तोंडातून गेले आणि मग तिला ऐकू आले.

शरयू पुढे आली. दाढीखालचा पट्टा सोडवू लागली. चाप लवकर उघडेना. वस्तादांनी न्हाव्यापुढे बसल्यासारखी हनुवटी वर केली आणि थांबून राहिले.

चाप उघडला. हेल्मेट पोटाशी धरून ती कठड्यावर बसली.

"पडले तेव्हा मला माझं नाव आठवत नव्हतं," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांगितलंय. तुम्हाला नव्हतं सांगितलं."

"हं."

"चाक फिरत होतं, आणि मी कोण ते मला माहीत नव्हतं. नवं घालायचं म्हटलं की वाटतं, हे कशाला वाचवेल मला? ह्याला पडणं माहीतच नाही. जुन्याला माहीत आहे."

वस्ताद तिच्या शेजारी बसले. गुडघा चोळत राहिले. मग त्यांनी खिशातून चाकू काढून तिच्यापुढे धरला.

"पट्टे काप."

"का?"

"नाहीतर कचऱ्यातनं उचलून कुणीतरी घालेल. त्यालाही चीर दिसणार नाही."

शरयूनं हेल्मेट मांडीवर ठेवलं. एक पट्टा कापला. थांबली... दुसरा कापला. मग पहिल्यांदाच रडली, मोठ्यानं, शेंबूड येईपर्यंत. वस्तादांनी तिला रडू दिलं.

दोघं सायकल ढकलत जीपपाशी आली. तिनं खोका उघडून नवं हेल्मेट घातलं. वस्तादांनी पट्ट्याखाली बोट घालून ताण बघितला, मागून डोकं हलवून बघितलं आणि बाजूला झाले.

धुकं विरळ झालं होतं. आता दुसरं वळणही दिसत होतं. शरयू सायकलवर बसली. दोन्ही ब्रेकवर तिची बोटं होती, आणि ती आपण तिथं कधी ठेवली हे तिलाही कळलं नव्हतं.

ती तशीच बसून राहिली.

"वस्ताद..."

"बोल."

"भीती गेलेली नाही अजून. ती जाईपर्यंत थांबू का?"

वस्तादांनी खिशातली टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर ठेवली.

"हेल्मेट तेवढं नवं लागतं, पोरी. भीती जुनीच चालते."