साडूचं मशीन आणि विटा

"साडूनं साडूला फसवावं का, बाबा? तेवढं सांगा. फसवावं का?"

तकियाच्या ओट्यावर करीमशा फकीर लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

भानुदास गवंड्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्याचा साडू रंगनाथ जत्रांमधून खेळांचा तंबू लावायचा. तंबू मोडीत निघाला, तेव्हा त्यातलं जुनं पिनबॉलचं मशीन भानुदासानं हौसेनं विकत घेतलं. लहानपणी कनातीच्या फटीतून बघितलेली चीज ती. घरी आणून हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आणि आता...

"मेलेलं मशीन गळ्यात मारलं त्यानं! परवा त्याच्या पोरीचं लग्न आहे. मी जाणार नाही. बायकोलाही उंबरा ओलांडू देणार नाही. आधी त्यानं येऊन माझे पाय धरावेत."

"चल, बघू," फकीर उठले.

भानुदासाची बायको गोदावरी दारातच उभी होती. डोळे रडून सुजलेले.

"बाबा, माझ्या सख्ख्या बहिणीची लेक हो ती. आणि ह्या काचेच्या पेटीपायी..."

"तू गप!"

खाटेएवढं मशीन. काचेखाली लुकलुकते दिवे, रबर लावलेले खांब. उभं राहायच्या बाजूला दोन दांड्या, बटण दाबलं की फडफडणाऱ्या. दांड्यांच्या मधे फट; गोळी तिच्यातून पडली की डाव संपला.

फकिरांनी गोळी उडवायचा दट्ट्या ओढून सोडला. पोलादी गोळी वर धावली, एका खांबाला धडकली आणि मधोमध येऊन थांबली.

सगळे वाट बघत राहिले...

"बघितलंत? मेलंय!"

फकीर खाली वाकले. बटणांकडच्या दोन पायांखाली विटा होत्या.

"ह्या कुणी घातल्या?"

"मीच. मशीन माझ्याकडं कललेलं होतं. गवंड्याच्या घरात वाकडं चालत नाही. पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणलाय. केसभर फरक काढून दाखवा!"

"कललेलं होतं तेव्हा काय व्हायचं?"

भानुदास उपरण्यानं काच पुसू लागला.

"सांगा की," गोदावरी म्हणाली. "बाबा, गोळी फिरून फिरून ह्यांच्याकडंच यायची. हे बटण दाबेपर्यंत फटीतून गडप! गल्लीतले लोक हसले. मग आल्या विटा."

"हसले म्हणून नाही! नेहमी माझ्याकडंच का यावं तिनं पडायला? दुसरी बाजू काय ओस पडली होती?"

"उचल," फकीर म्हणाले.

भानुदासानं धुसफुसत एकेक कोपरा उचलला. फकिरांनी विटा ओढून काढल्या.

गोळी जागची हलली... टण् टण् करत सरळ भानुदासाकडं आली आणि फटीतून गेली.

"पडली! पडलीच ना?" भानुदास ओरडला.

फकीर लहान पोरासारखे हसले. पुन्हा दट्ट्या ओढला. दांडी फडफडली, गोळी वर गेली, परत आली, पुन्हा वर गेली... पडली. ते पुन्हा तसेच हसले.

भानुदासाचा हात बटणाकडं गेला. मग त्यानं तो झटक्यानं मागं घेतला.

"मशीनचं राहू द्या. पण मीच का आधी जायचं, बाबा? मीच का?"

फकिरांनी विटा एकावर एक रचल्या, फुंकर मारून धूळ उडवली आणि त्याच्या हातात दिल्या.

"लग्नाच्या मांडवात चुलीला लागतील. घेऊन जा."